कुत्र्याची जात काय सांगते आणि काय सांगत नाही

"कुत्रा पाळायचाय, कुठली जात घेऊ?" या प्रश्नाला जितकी माणसं भेटतील तितकी उत्तरं मिळतात. लॅब्राडोर प्रेमळ असतो, जर्मन शेफर्ड राखणीला उत्तम, पग घरात गुपचूप बसून राहतो. ऐकणारा गोंधळतो आणि शेवटी फोटोत जो डोळ्यांत भरतो तोच घेऊन येतो. वर्ष-दोन वर्षांत तक्रारी सुरू होतात. प्रेमळ म्हणवला जाणारा लॅब्राडोर पाहुण्यांवर गुरगुरतो, राखणीचा शेफर्ड ढग गडगडले की पलंगाखाली शिरतो, आणि गुपचूप बसणारा पग दोन जिने चढला की धापा टाकत आडवा होतो.

पगचं काय होणार हे त्याची जात पाहून आधीच सांगता आलं असतं. बाकीच्या दोघांचं मात्र जातीवरून कुणालाच सांगता आलं नसतं. जातीवरून कुत्र्याच्या शरीराबद्दल पुष्कळ कळतं आणि त्याच्या स्वभावाबद्दल फार थोडं. निवड करताना आपण बहुतेक वेळा नेमकं उलट करतो. स्वभावासाठी जात बघतो आणि शरीराचा विचारच करत नाही.

## जात ठरते कशी?

माणूस आणि कुत्रा किमान पंधरा हजार वर्षं एकमेकांच्या सोबतीनं राहत आलेत. त्या मानानं आज दिसणाऱ्या बहुतेक जाती अगदी अलीकडच्या आहेत. पूर्वी कुत्र्याची पारख कामावरून व्हायची. मेंढ्या कोण नीट वळतो, शिकारीचा माग कोण काढतो, रात्री भुंकून कोण जागं करतो, हे बघून जोडी लावली जायची. रूपाला तेवढं महत्त्व नव्हतं. एकोणिसाव्या शतकात युरोपात कुत्र्यांची प्रदर्शनं भरू लागली, १८७३ साली ब्रिटनमध्ये केनेल क्लब स्थापन झाला, वंशावळींची नोंद होऊ लागली. कान किती लोंबावेत, रंग कोणता असावा, नाक किती बसकं असावं, याचे नियम झाले. नोंद असलेल्या नराची जोडी नोंद असलेल्याच मादीशी लावायची, बाहेरचं रक्त येऊ द्यायचं नाही. असा बंद गट म्हणजे आजच्या अर्थानं जात. जगात अशा साडेतीनशेच्या आसपास जातींना मान्यता आहे.

गट बंद असल्यामुळे पिल्लू मोठेपणी किती उंच, किती केसाळ, कोणत्या बांध्याचं होईल हे जवळजवळ खात्रीनं सांगता येतं. तोटाही त्यातूनच येतो. एखाद्या बक्षीसपात्र नराला शेकडो पिल्लं होतात, पुढे त्याच्याच वंशातल्या नर-मादींची आपसात जोडी लागते आणि रक्तात दडलेला दोष बघता बघता सगळ्या जातीत पसरतो.

## चपट्या तोंडाची किंमत

पग, फ्रेंच बुलडॉग, इंग्लिश बुलडॉग यांचा चेहरा तान्ह्या बाळासारखा गोल, डोळे मोठाले. म्हणूनच ते लोकांना आवडतात. हा चेहरा मिळवण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या कवटी आखूड करत नेली, पण आतलं मांस त्या प्रमाणात कमी झालं नाही. मोठी गादी लहान खोळीत कोंबावी तशी जीभ, टाळू आणि नाकातले पडदे एवढ्याशा जागेत दाटीवाटीनं बसलेत. टाळूचा मागचा मऊ भाग श्वासाच्या वाटेत लोंबतो. नाकपुड्या फटीएवढ्याच उघडतात.

असा कुत्रा झोपला असताना त्याच्याजवळ बसून ऐका. श्वास आत घेताना घर्र असा आवाज येतो. मध्येच तो आवाज बंद पडतो. छाती हलत राहते, पण हवा आत जात नाही. मग कुत्रा दचकून मान वर करतो, दोन-चार श्वास ओढून घेतो आणि पुन्हा डोळे मिटतो. काही कुत्रे हनुवटी कशाच्या तरी कडेवर टेकवून, बसल्या बसल्याच झोपतात, कारण मान खाली गेली की श्वास अडतो. लोक याचे व्हिडिओ काढतात, हसतात. मला ते बघवत नाही. त्या जनावराला पुरेसा श्वास मिळत नाहीये.

उन्हाळ्यात हे जिवावर बेततं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंजांच्या तळव्यांना येतो तेवढाच. अंग थंड ठेवण्याचा त्याचा मुख्य मार्ग म्हणजे जीभ बाहेर काढून धापा टाकणं. हवा नाकातोंडातल्या ओल्या भागावरून जाते, ओल सुकते आणि रक्त थंड होतं. ज्याची हवेची वाटच अरुंद आहे, त्याचं हे यंत्र निम्म्यानं चालतं. निरोगी कुत्र्याचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सियसच्या आसपास असतं. ते ४१च्या वर गेलं की मेंदू, मूत्रपिंडं, यकृत धोक्यात येतात. तसं झालं तर आधी अंगावर गार पाणी ओता, वारा घाला आणि मग पशुवैद्याकडे धाव घ्या. बंद गाडीत तर कोणत्याही जातीचा कुत्रा पाच मिनिटांसाठीसुद्धा ठेवू नये.

इतकं वाईट असेल तर ही पैदास थांबवत का नाहीत, असं कुणीही विचारेल. काही देशांत प्रयत्न चाललेत. नॉर्वेत २०२२ साली ऑस्लोच्या न्यायालयानं इंग्लिश बुलडॉग आणि कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल या दोन जातींची पैदास प्राणिकल्याण कायद्याचा भंग ठरवली. कॅव्हेलियरची कवटी मेंदूला अपुरी पडते आणि त्याच्या हृदयाच्या झडपा लवकर निकामी होतात. वरच्या न्यायालयात बुलडॉगचा निकाल फिरला, पण कॅव्हेलियरचा निकाल २०२३मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानंही कायम ठेवला. तरीही मागणी आहे तोवर पैदास होत राहणार, आणि मागणी म्हणजे आपणच.

## शरीराबद्दल आणखी काय काय कळतं?

आयुष्य कळतं. ग्रेट डेनसारखा अवाढव्य कुत्रा साधारण आठ ते दहा वर्षं जगतो, छोट्या जातींचे कुत्रे बारा ते पंधरा वर्षं सहज जातात. प्राण्यांमध्ये हत्ती उंदरापेक्षा जास्त जगतो, पण कुत्र्यांच्या आपसात हे उलटं आहे. मोठे कुत्रे झपाट्यानं वाढतात आणि झपाट्यानं म्हातारे होतात. घरात लहान मूल असेल तर हा हिशेब आधीच करा.

हाडं कळतात. डॅशहुंडचे आखूड पाय आणि लांब पाठ यांच्यामागचा जनुकातला बदल मणक्यांमधल्या चकत्याही लवकर कडक करतो. सोफ्यावरून रोज उड्या मारणारा डॅशहुंड एखाद्या सकाळी मागचे पाय ओढत चालू शकतो. जर्मन शेफर्ड आणि लॅब्राडोरमध्ये खुब्याचा सांधा सैल असण्याचा दोष आढळतो. म्हणून पिल्लू घेण्याआधी त्याच्या आई-बापाच्या खुब्यांचे एक्स-रे मागायचे. जो पैदासकार ते दाखवायला टाळाटाळ करेल, त्याच्याकडून पिल्लू घेऊ नये.

भूकही कळते. लॅब्राडोर खादाड असतो हे सगळ्यांनाच माहीत आहे. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांना त्याचं एक कारण सापडलं. सुमारे एक चतुर्थांश लॅब्राडोरमध्ये एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो, त्यामुळे पोट भरल्याची खूण मेंदूपर्यंत नीट पोचत नाही. असा लॅब्राडोर डोळ्यांत पाणी आणून ताटाकडे बघतो तेव्हा त्याला खरंच भूक लागलेली असते. तरीही द्यायचं नाही.

आणि औषधंसुद्धा. कॉली जातीच्या बऱ्याच कुत्र्यांमध्ये मेंदूत औषध शिरू न देणारी यंत्रणा अधू असते. परजीवींवर दिलं जाणारं आयव्हरमेक्टिन जास्त मात्रेत पोटात गेलं तर अशा कुत्र्याला झटके येतात, तो दगावूही शकतो. म्हणून शेजाऱ्याच्या कुत्र्याला लागू पडलेलं औषध आपल्याला वाटेल तेवढं आपल्या कुत्र्याला देऊ नये.

केसांची गोष्ट त्या मानानं सरळ आहे. हस्कीसारख्या दुपदरी केसांच्या कुत्र्याचे केस वर्षातून दोनदा ढिगानं गळतात, ते विंचरून काढायचे, भादरायचे नाहीत. पूडलचे केस गळत नाहीत पण वाढत राहतात. विंचरणं आणि महिना-दीड महिन्यानं कापणं चुकलं की त्यांच्या गाठी होतात आणि खालची कातडी ओढली जाऊन दुखते.

## मग स्वभावाचं काय?

२०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांना आपापल्या कुत्र्याच्या वागण्याबद्दल विचारलं होतं आणि त्यांपैकी दोन हजारांहून जास्त कुत्र्यांची जनुकंही तपासली होती. दोन कुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला सरासरी ९ टक्केच जातीमुळे असतो, असं त्यातून दिसलं. कोणत्या गोष्टीनं कुत्रा बिथरतो, किती चटकन चिडतो, हे तर जातीवरून जवळजवळ सांगताच येईना.

आई-बापाकडून स्वभाव येतच नाही, असा याचा अर्थ कुणी काढू नये. तो येतो, पण त्या विशिष्ट आई-बापाकडून येतो. म्हणूनच पिल्लू बघायला जाल तेव्हा आधी त्याची आई बघा. अनोळखी माणूस आल्यावर ती कोपऱ्यात दबून बसते, दात दाखवते, की हुंगून शेपूट हलवते? हे जातीच्या कागदापेक्षा जास्त सांगून जातं. आई दाखवायला नकार मिळाला तर तिथून निघायचं.

"मग बॉर्डर कॉली मेंढ्या वळते ती कशी?" हा रास्त प्रश्न आहे. शेकडो वर्षं ज्या कामासाठी निवड झाली, त्या कामाच्या हालचाली रक्तात उतरलेल्या असतात. कॉली दबा धरून टक लावते, ग्रेहाउंड पळत्या वस्तूमागे सुटतो, टेरियर माती उकरतो, बीगल नाक जमिनीला लावून निघाला की हाक ऐकत नाही. अशा सवयींपुरती जात उपयोगी पडते, आणि ती आधी जाणून घ्यायलाच हवी. मेंढ्या नसल्या तरी कॉलीची ती ओढ जात नाही. ती सायकलींना वळते, धावणाऱ्या मुलांना वळते, नाहीतर घरात येरझारा घालत वेडीपिशी होते. तिला रोज पळणं आणि डोक्याला काम, दोन्ही लागतं. पण एखादी कॉली प्रेमळ निघेल की तुसडी, हे ती कॉली आहे एवढ्यावरून कळत नाही.

## पहिले काही आठवडे

स्वभावावर सगळ्यात मोठा ठसा उमटतो तो वयाच्या तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत. अमेरिकेत बार हार्बर इथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पाच जातींच्या पिल्लांवर वर्षानुवर्षं काम केलं आणि त्यातून हा काळ ध्यानात आला. तिथल्याच एका प्रयोगात चौदा आठवडे माणसाचा सहवास न मिळालेली पिल्लं पुढेही माणसाला बिचकूनच राहिली. या काळात पिल्लू जे बघतं, ऐकतं, हुंगतं, ते त्याच्या लेखी जगातली साधी गोष्ट ठरते. जे या काळात दिसलंच नाही, त्याची पुढे भीती बसू शकते.

म्हणून पिल्लाला आईपासून आठ आठवड्यांच्या आत तोडू नये. चावलं की समोरचं पिल्लू कळवळतं आणि खेळ थांबतो, हा धडा त्याला भावंडांमध्येच मिळतो. घरी आल्यावर मात्र वेळ दवडू नये. दाढीवाली माणसं, चष्मेवाली, काठी टेकणारी, लहान मुलं, लिफ्ट, मिक्सरचा आवाज, गुळगुळीत फरशी, पाऊस, सगळ्यांशी ओळख व्हायला हवी.

ओळख करून देणं म्हणजे पुढ्यात ढकलणं नव्हे. छत्रीचंच घ्या. खोलीच्या दुसऱ्या टोकाला छत्री हळूच उघडून जमिनीवर ठेवा. पिल्लू थबकेल, अंग मागे घेईल, शेपूट खाली जाईल. काही बोलू नका, त्याला ओढू नका. थोड्या वेळानं ते मान लांब करून, मागचे पाय पळायच्या तयारीत ठेवून पुढे येईल, काठाला नाक लावेल आणि मागे उडी मारेल. त्या क्षणी खाऊ द्या. दोन-तीनदा असं झालं की ते छत्रीखाली जाऊन बसेल.

## लसी पूर्ण होईपर्यंत बाहेर काढायचं की नाही?

इथे बहुतेक सगळेच अडकतात. लसी सोळा आठवड्यांपर्यंत चालतात आणि ओळखीचा काळ त्याआधीच संपतो.

एकच लस पुन्हा पुन्हा का टोचतात हे आधी समजून घेऊ. आईच्या पहिल्या दुधातून पिल्लाला रोगांशी लढणारी तयार प्रथिनं मिळतात. ती अंगात आहेत तोवर लसीलाच रोग समजून हाणून पाडतात आणि लस वाया जाते. ती नेमकी कधी संपतील हे प्रत्येक पिल्लात वेगळं असतं. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सोळाव्या आठवड्यापर्यंत, दोन ते चार आठवड्यांच्या अंतरानं डोस देत राहायचं, म्हणजे त्यांतला एक तरी नक्की लागू पडतो. शेवटचा डोस सोळा आठवड्यांच्या आधी उरकला तर सगळी मेहनत फुकट जाऊ शकते. पार्व्हो या विषाणूनं रक्ती हगवण लागून पिल्लं दोन-चार दिवसांत जातात, आणि हा विषाणू मातीत कित्येक महिने टिकून राहतो.

बाहेर मात्र काढायचं, फक्त जपून. पहिली लस आणि जंताचं औषध होऊन आठवडा झाला की पिल्लाला कडेवर घेऊन रस्ता, बाजार, गर्दी दाखवायची. लस झालेल्या, ओळखीच्या कुत्र्यांशी स्वच्छ जागेत खेळू द्यायचं. जिथे अनोळखी कुत्रे शी-शू करतात तिथल्या जमिनीवर तेवढं सोडायचं नाही. रेबीजच्या लसीत आणि तिच्या पुढच्या डोसांत कधीही हयगय नको. लक्षणं दिसू लागल्यावर या रोगातून ना कुत्रा वाचतो ना माणूस.

## धाक नको का दाखवायला?

"कुत्र्याला मालक कोण ते दाखवून द्यावं लागतं" हे मत आलं लांडग्यांवरून. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी पिंजऱ्यातल्या, एकमेकांना परक्या असलेल्या लांडग्यांच्या भांडणांचं वर्णन केलं आणि कळपाचा दादा ही कल्पना रूढ झाली. डेव्हिड मेक यांनी पुढे रानातल्या लांडग्यांचा अभ्यास केला. त्यांना दिसलं की रानातला कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पोरं. तिथे दादागिरीनं पद मिळवायचा प्रश्नच नसतो.

मारलं तर कुत्रा शिकतो, पण भलतंच शिकतो. गुरगुरल्यावर मार खाल्लेला कुत्रा गुरगुरणं सोडतो. त्याची भीती आहे तिथेच राहते, आणि पुढच्या वेळी तो इशारा न देता चावतो. हवं ते वागणं घडलं की त्याच सेकंदाला बक्षीस आणि नको ते घडण्याची संधीच कमी, एवढ्या दोन गोष्टींवर जवळजवळ सगळं शिकवता येतं.

## खायला किती आणि काय देऊ नये?

अमेरिकेत ४८ लॅब्राडोरवर जन्मभर चाललेला एक प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. एकाच वेताच्या दोन पिल्लांपैकी एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं दिलं. कमी खाणारे सरासरी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगले आणि त्यांचे सांधेही उशिरा दुखू लागले. लाडानं घातलेला प्रत्येक जादा घास मला तेव्हापासून वेगळा दिसतो.

तुमच्या कुत्र्याचं वजन बरोबर आहे का, हे काट्याशिवाय कळतं. हात सरळ पसरून दुसऱ्या हाताची बोटं मागच्या बाजूनं, बोटांच्या मुळाशी फिरवा. हाडं लागतात, वर पातळ कातडी असते. कुत्र्याच्या बरगड्या हाताला अशा लागायला हव्यात. मूठ आवळल्यावर सांधे वर येतात तशा लागल्या तर तो रोडावलाय, तळहाताच्या बाजूसारखं गुबगुबीत लागलं तर खाणं कमी करा.

चॉकलेट, द्राक्षं आणि मनुका, कांदा, लसूण, शिजवलेली हाडं आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले पदार्थ कुत्र्याच्या तोंडी लागता कामा नयेत. माणसांच्या वेदनाशामक गोळ्याही नकोत. आयब्युप्रोफेननं त्यांच्या पोटात व्रण पडतात आणि मूत्रपिंडं बिघडतात.

## ॲलर्जी असेल तर?

केस न गळणाऱ्या कुत्र्याची ॲलर्जी होत नाही, हा गैरसमज आहे. त्रास देणारं प्रथिन लाळेत आणि कातडीच्या कोंड्यात असतं. ऑस्ट्रेलियात १९८०च्या दशकात, अंधांना वाट दाखवणारे कुत्रे तयार करणाऱ्या संस्थेतल्या वॉली कॉनरन यांनी एका अंध बाईच्या नवऱ्याला ॲलर्जी होती म्हणून लॅब्राडोर आणि पूडलची जोडी लावली. एका वेताच्या तीन पिल्लांपैकी एकच त्या माणसाला सोसलं. तेव्हा जातीच्या नावावर विसंबण्यापेक्षा, जो कुत्रा घ्यायचा त्याच्याच सहवासात आधी काही वेळा तासन्‌तास बसून बघावं.

## मिश्र रक्ताचा किंवा मोठा झालेला घ्यावा का?

अवश्य घ्यावा. गावठी कुत्रा आजारीच पडत नाही, हे मात्र खरं नाही. कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासात २०१३ साली सत्तावीस हजारांहून जास्त कुत्र्यांचे २४ आनुवंशिक आजार तपासले. त्यांपैकी १० आजार शुद्ध जातींत जास्त निघाले, १३ आजारांत फरक नव्हता आणि एक मिश्र कुत्र्यांतच जास्त होता. पारडं मिश्र रक्ताकडे झुकतं, पण लस, जंताचं औषध, गोचीड-पिसवांचा बंदोबस्त आणि नसबंदी त्यालाही हवीच.

मोठा कुत्रा घेण्याचा एक फायदा फारसा कुणी बोलत नाही. पिल्लाच्या बाबतीत आपण अंदाज बांधतो, इथे स्वभाव समोर दिसतो. दोन-तीनदा वेगवेगळ्या वेळी जाऊन भेटा. खाण्याच्या भांड्याजवळ कुणी गेलं की काय करतो, लहान मूल दिसल्यावर अंग ताठ होतं का, एकटा ठेवला की किती वेळात शांत होतो, हे सांभाळणाऱ्यांना विचारा. घरी आणल्यावर पहिले काही दिवस पाहुणे बोलावू नका, अंघोळ घालू नका, त्याला एक कोपरा ठरवून द्या आणि तिथे कुणी त्याला हात लावायला जाऊ नका. बरेच कुत्रे सुरुवातीला गप्प राहतात, खरं रूप तीन-चार आठवड्यांनी दिसू लागतं. तोवर पट्टा सोडून मोकळ्या मैदानात नेण्याची घाई करू नका.